जॅक सरकला, विमान थोडक्यात वाचलं

प्रश्न: नमस्कार भाऊ, आम्ही तिघं दोस्त हिंगणा रोडच्या एका शेडमध्ये किटचं टू-सीटर विमान जोडून राहिलो. पंख खालून, पुढं नोजव्हील, इंजिन बसलंय. मागच्या रविवारी ब्रेक पॅड पाहायला डाव्या अ‍ॅक्सलखाली बॉटल जॅक लावला, चाक दोन बोटं उचललं अन् जॅक तिरपा होऊन सटकला. नुकसान झालं नाही, पण आता हात लावायची हिंमत होत नाही. आमचं काय चुकलं? अन् पंखाखाली विटा रचल्या तर चालते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: विटा आधी शेडबाहेर काढा. वीट किंवा पोकळ सिमेंटचा ब्लॉक फुटतो तेव्हा सांगून फुटत नाही, लाकूड निदान करकरतं तरी. बाभळीचे जाड ठोकळे घ्या नाहीतर सुताराकडून मजबूत घोडी करून घ्या, वर जुनी गोधडी. अन् घोडी टेकवायची ती स्पारखाली, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य आडव्या कण्याखाली, नुसत्या पत्र्याखाली ठेवली की पत्रा दबलाच समजा.

आता जॅक का सटकला. तुमच्या विमानाचे चाकं धरणारे पाय स्प्रिंगसारखे आहेत, विमानाचं वजन पडलं की बाहेर फाकतात अन् वजन उतरलं की परत आत येतात. उचलायच्या आधी टायरच्या बाहेरच्या कडेला जमिनीवर खडूनं रेघ मारा अन् मग पहा चाक किती आत सरकलं ते. अ‍ॅक्सल आत जातो, बॉटल जॅकचं बूड मात्र जागीच राहतं, मग तो तिरपा होणार नाही तर काय! एकच चाक उचलायचं तर चाकं असलेला ट्रॉली जॅक पंखाच्या दिशेनं आडवा लावा म्हणजे तो पायासोबत सरकेल, अन् बाकी दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे.

दोन्ही चाकं उचलायची असतील तर पंखातले जॅक पॉइंट वापरा. बऱ्याच किटमध्ये टाय-डाऊनची, म्हणजे विमान जमिनीला बांधायची, कडी काढून त्याच भोकात जॅकसाठी गोल टोकाची पिन बसते, तुमच्या मॅन्युअलात पहा. दोन्हीकडून थोडं थोडं, एक माणूस फक्त बघायला. उचलून झालं की घोडी लावायचीच, कारण हायड्रॉलिक जॅक रात्रभरात हळूहळू बसू शकतो. जॅक उचलायला, धरायला नाही.

शेपटीचं विसरू नका. नोजव्हील उचलायचं तर शेपटीच्या कडीला रेतीची पोती बांधा, किती ते मॅन्युअल सांगेल, पण आडव्या शेपटीवर पोती टाकू नका बाप्पा. अन् कधी इंजिन उतरवलं तर नाक हलकं होऊन विमान मागं बसू शकते, म्हणून उतरवायच्या आधीच शेपटीखाली घोडी. विमान जॅकवर असताना आत कुणी चढायचं नाही, सेल्फीसाठी तर नाहीच. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी वावटळ सुटते, ती उघड्या शटरमधून आत आली तर 400-500 किलोच्या विमानाचा पंख सहज हलवते, त्यामुळे घामाघूम झालात तरी शटर बंद.

प्रश्न: टायर बदलायला रिमचे बोल्ट सरळ खोलले तर चालतात का?
– तोच वाचक

उत्तर: आधी हवा पूर्ण सोडा, व्हॉल्व्हचा कोर काढून ठेवा, मगच बोल्टला पाना लावा. रिम दोन तुकड्यांची असते, हवेच्या दाबाखाली खोलली तर अर्धी तोंडावर येईल.