खुब्यात बॉल कुठला बसवलाय, ते आधी शोधा

प्रश्न : आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. फेब्रुवारी २००९ मध्ये, नोकरीत असतानाच, नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात तिचा उजवा खुबा बदलला. दोन-अडीच वर्षांपासून मांडी दुखते. जुने डॉक्टर 'वय झालं' म्हणून गोळ्या देत राहिले. यंदा मार्चमध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर कोबाल्ट-क्रोमियम वाढलेलं निघालं. सांधा परत बदलावा लागेल म्हणतात. त्या काळातला एक इम्प्लांट कंपनीने परत मागवला होता, असं वाचलं. रुग्णालय म्हणतं, इतकी जुनी फाइल नाही. डॉक्टरांवर पोलीस केस करू का? भरपाई मिळेल का? (एक वाचक, सिडको)

उत्तर : पोलीस ठाण्याची पायरी सध्या चढू नका. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलं आहे की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा लागतो, आणि त्यावर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं. तुमच्याकडे आज ते नाही. राग खरा आहे, पण त्यात महिने जातील आणि ग्राहक आयोगाची मुदत तिकडे सरत राहील.

तुम्ही वाचलंत ते प्रकरण जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीच्या 'एएसआर' सांध्याचं. बॉल धातूचा, वाटीही धातूचीच. चालताना दोन्ही एकमेकांवर घासतात, कोबाल्ट-क्रोमियमचा बारीक कीस सुटतो, आजूबाजूच्या मांसात साचतो आणि रक्तात उतरतो. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. तोवर जगात सुमारे ९३,००० जणांना तो बसला होता, भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. आईंच्या ऑपरेशनची तारीख या काळात बसते. पण धातूवर धातू घासणारे सांधे इतर कंपन्यांचेही होते. म्हणून आईंच्या खुब्यात 'एएसआर'च आहे, असं धरून एक ओळही लिहू नका.

आधी स्टिकर शोधा. इम्प्लांटच्या खोक्यातून चिकटणारे स्टिकर निघतात, त्यांवर कंपनी, मॉडेल, रेफ क्रमांक आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. एक केसपेपरवर चिकटवतात, एक बहुधा बिलाला जातो. वैद्यकीय नोंदी तीन वर्षं ठेवायच्या, असा डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीचा दंडक आहे, त्यामुळे फाइल नाही म्हणणारं रुग्णालय अगदीच खोटं ठरत नाही. तरीही 'नाही' हे उत्तर लेखी घ्या. ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर आणि इम्प्लांट पुरवणाऱ्या वितरकाचं बिल, दोन्ही त्याच पत्रात मागा.

माझी जास्त आशा मात्र जिल्हा परिषदेवर आहे. आई नोकरीत होत्या, म्हणजे वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल टाकलं असणार. ते शिक्षण विभागातून फिरलं असेल, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पडताळणीलाही गेलं असेल. अशा बिलाला इम्प्लांटची पावती जोडलेली असते. आईंच्या स्वतःच्या सहीने माहिती अधिकाराचे दोन अर्ज करा, एक जिल्हा परिषदेला, एक सिव्हिलला. प्रत्येकी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागेल, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. घरही धुंडाळा. माझ्या एका अशिलाचा स्टिकर विम्याच्या नामंजूर अर्जाला टाचलेला होता, तोही गव्हाच्या कोठीवरच्या पिशवीत.

आता मुदत. ग्राहक तक्रारीला दोन वर्षं मिळतात. तुम्ही म्हणणार, कारण मार्चच्या रक्ताच्या रिपोर्टने कळलं. समोरचे म्हणणार, दुखणं अडीच वर्षांचं आहे, आणि परत मागवल्याची बातमी तर २०१० ची. आत लपलेली इजा असेल तर ती कळल्यापासून मुदत मोजायची, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेलं आहे. पण ज्या निकालात ते सांगितलं, त्यातली रुग्ण हरली. ती स्वतः परिचारिका होती, वर्षानुवर्षं दुखणं सोसत राहिली, आणि न्यायालयाने तिला विचारलं, तेव्हाच डॉक्टरकडे का गेली नाहीस? तुमची बाजू इथे बरी आहे. आई डॉक्टरांकडे जात होत्या, त्यांनी वयावर ढकललं. त्या भेटींच्या चिठ्ठ्या आणि औषधांची बिलं तारीखवार लावा. तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्जही जोडा. मुदतीतच आहोत असं वाटलं तरी जोडा.

तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नाही, तेव्हा भरलेल्या रकमेवर ठरतं, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. म्हणजे २००९ चं बिल दोन-तीन लाखांचं असलं तरी भरपाई तीस लाखांची मागता येते. उत्पादक, आयातदार आणि रुग्णालय, तिघांना पक्षकार करा. २०१९ च्या ग्राहक कायद्यातलं उत्पादन दायित्व, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेची उत्पादकावरची जबाबदारी, २००९ च्या विक्रीला लागू नाही, असा युक्तिवाद होईल, म्हणून सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी हे जुने मुद्देही त्याच तक्रारीत घ्या. रुग्णालयाला एकच प्रश्न नेमका विचारा : इम्प्लांट परत मागवल्यावर आईंना कळवलं का? वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला म्हणून आईंना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

स्टिकर 'एएसआर'चा निघाला तर सरकारी वाटही आहे. केंद्राने २०१८ मध्ये ३० लाख ते सुमारे १.२३ कोटींपर्यंत भरपाईचं सूत्र ठरवलं, राज्यांत समित्या नेमल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि २०१९ मध्ये तिथे पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख द्यायला तयार झाली. म्हणून समितीकडे अर्ज करा, पण त्या भरवशावर आयोगातली तक्रार लांबवू नका.

पुन्हा ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी सर्जनना लेखी पत्र द्या : काढलेला बॉल आणि वाटी जैववैद्यकीय कचऱ्यात न टाकता, फोटो काढून, लॉट क्रमांक टिपून, मोहोरबंद डब्यात आमच्या ताब्यात द्यावी. रक्ताची तपासणी ऑपरेशनपूर्वी आणखी एकदा करून घ्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर रुग्णालयाचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.