ताई, डायरी 11 जानेवारीलाच थांबते

‘ताई, मी 29 वर्षांचा. बी.एस्सी. ॲग्री करून निफाडकडच्या एका कृषी सेवा केंद्रात सहा वर्षं आहे. छाटणीनंतर दिवसाला तीस-चाळीस द्राक्ष बागायतदारांचे फोन घेतो. माझ्याबरोबरचा एक जण आता एकरी फी घेऊन स्वतंत्र सल्ला देतो, मी अजून काउंटरवरच. एक जुने सल्लागार म्हणाले, रोज लिहीत जा, मोठा होशील. दर वर्षी डायरी घेतो आणि 11-12 जानेवारीला थांबतो. रात्री लिहायला बसलो की शाळेतला निबंध होतो. बायको म्हणते, घरात असता तो अर्धा तासही वहीलाच. मला जमणारच नाही का हे?’
– काउंटरवरचा

काउंटरवरच्या भावा,

जानेवारीत माल निघायला लागतो, तू रात्री नऊला घरी येत असशील. एवढा दमलेला माणूस काय लिहिणार? ‘आज खूप काम होतं.’ माझ्या जुन्या डायऱ्यांत हे वाक्य इतक्यांदा आहे की शिक्काच करून घ्यायला हवा होता.

तुझी वेळ चुकतेय आणि विषयही. माझं माहेर तुमच्याच तालुक्यातलं, म्हणून बागेच्या भाषेत सांगते. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या आपल्या लिहोसीनचे, अंश सापडले आणि कंटेनर अडकले, ते तुला शिकताना सांगितलं असेलच. निर्यातीच्या बागेत फवारणीची नोंदवही किती जपावी लागते, हेही तू रोज बघतोस. त्या वहीत काय मारलं, कधी मारलं, किती मारलं, सगळं असतं. का मारलं, ते नसतं. ते ‘का’ तुझ्या डोक्यात असतं आणि पुढचा फोन आला की पुसलं जातं. तेवढंच लिही. बांधावर उभ्याउभ्या, चार ओळी:

‘6 नोव्हेंबर. वरची बाग, थॉमसन, छाटणीला 38 दिवस झाले. दव, साडेनऊपर्यंत पानं ओली. खालच्या दोन पानांवर तेलकट डाग. आंतरप्रवाही बुरशीनाशक सांगितलं. पाऊस नाही आला तर चार दिवसांत थांबेल असं वाटतं.’

याखाली दोन ओळी कोऱ्या सोड. चार दिवसांनी त्या भरायच्या. डाऊनी, म्हणजे तो तेलकट डागांचा रोग, थांबली तर थांबली म्हणून, घडावर गेली तर गेली म्हणून. या कोऱ्या ओळींसाठीच सगळा खटाटोप आहे. अंदाज आधी लिहिलेला नसला की निकाल लागल्यावर आपण सगळेच म्हणतो, ‘मला वाटलंच होतं.’ डार्विनसारखा माणूसही आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ताबडतोब टिपून ठेवायचा. सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरतात, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

हंगाम संपला, खरड छाटणीची धांदल उरकली की एका दुपारी ती वही सलग वाच. तेव्हा जरा पोटात गोळा येईल. मला जे सापडेलसं वाटतं ते आत्ताच सांगते, रागावू नकोस. ‘अजून एक हात घ्या’, म्हणजे अजून एक फवारणी, हे तू किती वेळा रोग दिसला म्हणून सांगितलंस, किती वेळा समोरचा घाबरलेला होता म्हणून, आणि किती वेळा दुकानात माल पडून होता म्हणून? काउंटरवर बसणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. एकरी फी देणारा माणूस मात्र नेमके याच उत्तराचे पैसे देतो. तुझा मित्र पुढे का गेला ते मला माहीत नाही, पण तुला जायचं असेल तर वाट इथूनच आहे, छान छान लेख लिहिण्यातून नाही.

म्हणून ही वही दुकानात ठेवायची नाही. मालकाला दाखवायची तर मुळीच नाही. बागायतदारांची नावंही पूर्ण लिहू नकोस. कुणाची बाग बसली हे गावात चघळायला लागत नाही फार वेळ.

भाषेची चिंता सोड. फोनवर बोलतोस तसंच लिही, ‘लई दव’ म्हणालास तर ‘लई दव’. रोज नाही जमलं तरी चालेल. पावसाळी हवा असेल त्या आठवड्यात मात्र एकही दिवस चुकवू नकोस. चाळीस फोनांपैकी दोनच लिही, ज्यांत तू स्वतः अडखळलास ते. बाकीच्या अडतीसांत तुला नवीन काही कळलेलं नसतंच.

रात्रीचा अर्धा तास बायकोला परत दे. आणि ती जाडजूड डायरी घेऊ नकोस आता. शर्टाच्या खिशात मावेल अशी वही घे, पेन नको, शिसपेन्सिल ठेव. दवात आणि घामात शाई पसरते.

– तुझी ताई