जॉबवर्कचे पैसे अडकलेत, दावा लावायला वकील लागतोच का?

लागतोच असं नाही. प्रोप्रायटर स्वतः दावा दाखल करून स्वतः चालवू शकतो. पण कुपवाड एमआयडीसीत तुमचं मशिनिंगचं वर्कशॉप आहे आणि जॉबवर्कचे पावणेतीन लाख अडकलेत म्हणता, तर कोर्टाआधी उद्यम रजिस्ट्रेशनची, म्हणजे लघुउद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीची, तारीख बघा. ती माल देण्याआधीची असेल तर लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी 'समाधान' पोर्टलवर स्वतःच अर्ज करा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तुमच्या अर्जावरच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर समोरच्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. मोठी पार्टी बोलणी करायला येते ती यामुळेच.

खरं घोडं मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर अडतं. माल गेटवर उतरतो, वॉचमन सही करतो, त्यावर ना शिक्का ना तारीख. वर्षाने पार्टी म्हणते, "निम्मे पीस रिजेक्ट होते." वास्तविक डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असंच कायदा धरतो. पण डिलिव्हरीची तारीखच सिद्ध झाली नाही तर हे १५ दिवस मोजणार कुठून? चलनावर स्टोअरचा शिक्का, तारीख आणि पीओ (परचेस ऑर्डर) नंबर हवाच. पीओ फोनवर आली असेल तर त्याच दिवशी "तुमच्या सांगण्याप्रमाणे इतके नग, हा दर" असा ईमेल टाका. 'लेखी मागितलं की पार्टी तुटते' म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. लेखी द्यायला जी पार्टी तयार नाही, ती पैसे द्यायलाही तयार नसते. दर मार्चला खातेउताऱ्यावर सही-शिक्का घ्या. दाव्याची मुदत ३ वर्षांची असते, आणि ती संपण्याआधी बाकी कबूल केल्याची सही मिळाली तर तिथून पुन्हा ३ वर्षं मिळतात.

पार्टीने तुमच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट (स्वतःच्या करातून वजावट) घेतलं असेल तर मागणीपत्रात तेही लिहा. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पत्र स्वतःच्या लेटरहेडवर, स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा.

चेक बाउन्स झाला असेल तर मात्र वकील कराच. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस आणि पुढच्या एका महिन्यात तक्रार. तक्रारीची तारीख हुकली की सगळं कोर्टाच्या मर्जीवर, आणि नोटिशीची हुकली तर तो उशीर कोर्टालाही माफ करता येत नाही. समोरच्याने उलट दावा ठोकला तरीही वकील घ्या.

आणि हो, नुसती ट्रेडिंग असेल तर समाधानचा उपयोग नाही. भागीदारी फर्म असेल तर ती रजिस्टर्ड आहे ना ते आजच बघा, कारण रजिस्ट्रेशन नसलेल्या फर्मला कराराच्या पैशांसाठी दावाच लावता येत नाही, मग वकील कितीही मोठा असो.