दारू सोडल्यावर झिरो बिअर: सोलापूरच्या उन्हाळ्यात कोणती घ्यावी, कशी घ्यावी

तुमचा प्रश्न असा: दारू सोडून आठ महिने झाले, ऊन तापायला लागल्यापासून थंडगार बिअरची चव आठवते, तर नॉन-अल्कोहोलिक बिअर चालेल का, आणि ती पांचट का लागते?

चालेल, पण आधी कॅनच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ‘0.0’ आणि ‘नॉन-अल्कोहोलिक’ हे एकच नव्हे. अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेलं पेय आपल्याकडच्या नियमात मद्य धरत नाहीत, म्हणून ‘नॉन-अल्कोहोलिक’ कॅनमध्ये तेवढं असू शकतं; ‘0.0’ मध्ये ते जवळपास शून्य. हिशेब करा: 0.5 टक्केवाल्या 330 मिलीच्या कॅनमध्ये 1.65 मिली अल्कोहोल असतं, तर 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिली बाटलीत 52 मिली. त्यामुळे नशा चढायचा प्रश्न नाही. तरीही दारू सोडलेल्या माणसाने 0.0 च घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. दारू सुटावी म्हणून डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर 0.5 वाली अजिबात नको. त्या गोळीवर थोडंसं अल्कोहोल पोटात गेलं तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. अशा वेळी, किंवा लिव्हरचं दुखणं असेल तर, 0.0 सुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्या.

खरी भीती अल्कोहोलपेक्षा सवयीची. संध्याकाळचे सात, तीच खुर्ची, तोच ग्लास, तीच संगत जमली, की फेसाच्या वासाने जुनी तलफ जागी होते. म्हणून पहिला कॅन दुपारी, जेवणासोबत, घरच्यांसमोर घ्या. कॅन त्यांना आधी दाखवा. वास बिअरचाच येतो आणि आठ महिन्यांत कमावलेला विश्वास एका वासाने डळमळायला नको. नंतर तासभर स्वतःकडे लक्ष ठेवा. जेवण झालं, विषय संपला, तर ठीक. ‘यात काही मजा नाही’ असं मनात घोळायला लागलं, किंवा एकावर तीन कॅन गेले, तर हे पेय तुमच्यासाठी नाही. ताक किंवा लिंबू-सोडा बरा. तलफ उतरतच नसेल तर एकट्याने झुंजू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आता पांचटपणाचं. बऱ्याच कंपन्या नेहमीसारखी बिअर बनवून कमी दाबाखाली, कमी तापमानात तिच्यातलं अल्कोहोल काढून घेतात. अल्कोहोलबरोबर दाटपणा आणि थोडा सुगंधही निघून जातो, आणि झाकलेला शिजल्या धान्याचा गोडसर वास वर येतो. स्ट्राँग पिणाऱ्याला हे जास्त जाणवतं. हायनेकन 0.0 आणि बडवायझर 0.0 चवीला बिअरच्या जवळ आहेत. हायनेकन 0.0 च्या 330 मिलीत 69 कॅलरी असतात. कूलबर्ग किंवा किंगफिशर रॅडलर ही फळांच्या नाहीतर लिंबाच्या चवीची गोड पेयं. साखरेचा त्रास असेल तर लेबलवर 100 मिलीला लिहिलेला साखरेचा आकडा 3.3 ने गुणा, म्हणजे 330 मिलीत किती जाते ते कळेल.

खरेदीसाठी बिअर शॉपीची पायरी चढू नका. सुपरमार्केटमध्ये मिळते, तिथूनच घ्या. आपल्याकडे खप कमी, त्यामुळे माल पडून राहतो. पॅकिंगची तारीख बघा, चार महिन्यांच्या आतलं घ्या. उजेडात ठेवलेली हिरवी बाटली तर नकोच. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं; त्यांतला कडू घटक उजेडाने बिघडतो आणि उग्र, कुबट वास येतो. कॅनला ही भीती नाही.

गार कशी करायची, यावर अर्धी चव ठरते. तो शिजल्या धान्याचा वास थंडीत दबतो, म्हणून 4-5 अंशांपर्यंत गार हवी. फ्रीजरमध्ये टाकून विसरू नका: अल्कोहोल नसल्याने ती नेहमीच्या बिअरच्या आधी गोठते आणि कॅन फुगतो, बाटली फुटते. घाई असेल तर पातेल्यात बर्फ, बुडेल इतकं पाणी आणि मूठभर मीठ घाला, कॅन त्यात पंधरा मिनिटं मधूनमधून फिरवत ठेवा.

कॅनला तोंड लावून पिऊ नका, सुगंध नाकापर्यंत पोचत नाही. काचेचा ग्लास चांगला विसळून घ्या. साबणाचा किंवा तुपातेलाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. ग्लास तिरपा धरून कडेने ओता, शेवटचा तिसरा हिस्सा सरळ धरून. दोन बोटं फेस आला पाहिजे. सोबत आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी यासारखं दुसरं काही नाही. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा तिखटाला सावरून घेतो आणि हॉप्सचा कडूपणा शेंगदाण्याच्या स्निग्धपणाला कापतो. मात्र उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटलेलं असतं; ते ओठावर राहिलं की पहिल्याच घोटाला फेस फाटतो. ओठ पुसा, मग घोट घ्या. आणि बुडबुड्यांनी तिखट आणखी चढतं, तेव्हा चटणी बेताने.

एकदा फोडलेला कॅन त्याच बैठकीत संपवा. गॅस गेला की उरतं ते गोडसर पाणी.

हुरड्याला शेतावर किंवा लग्नाच्या आदल्या रात्री गोतावळ्यात बसायची वेळ आली, तर आपले कॅन आपण न्या आणि आपल्या हाताने फोडा. ओतल्यावर साधी बिअर आणि झिरो बिअर दिसायला सारख्याच असतात. ग्लास खाली ठेवून उठलात, तर परत आल्यावर तो ओतून द्या आणि नवा कॅन उघडा.