थंडीमुळे त्वचेची बायोप्सी खराब होऊ शकते का?

हो, होऊ शकते. अमेरिकेतल्या मिनेसोटात तुमच्या बहिणीला "नमुना गोठला, पुन्हा तुकडा घ्यावा लागेल" असं सांगितलंय, तो बहाणा असेलच असं नाही.

तिकडे ऐन हिवाळ्यात पारा उणे 20 च्याही खाली जातो. कुरिअरवाला येईपर्यंत नमुन्याची बाटली दवाखान्याच्या दाराबाहेरच्या पेटीत पडून राहिली, की संपलं. तुकडा टिकवण्यासाठी बाटलीत 10 टक्के फॉर्मॅलिन हे द्रावण असतं; ते साधारण उणे 11 अंशांना गोठतं. तुकड्यात ते नीट मुरलेलं नसेल तर पेशींतल्या पाण्याचे बर्फकण होतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत पोकळ्या दिसतात आणि केंद्रक कडेला चेपलेलं. तीळ साधा की मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर), हे पेशींच्या ठेवणीवरूनच ठरतं, आणि नेमकी तीच बिघडलेली असते!

यावर सोपा उपाय आहे: बाटली थंडीत नेण्याआधी किमान 6 तास खोलीतच ठेवायची, किंवा फॉर्मॅलिनमध्ये दहावा हिस्सा 95 टक्के अल्कोहोल घालायचं. या वेळी तिने हे दवाखान्यात आवर्जून विचारावं.

आपल्याकडे बऱ्याचदा नातेवाईकच बाटली लॅबला नेतात. "खराब होईल" म्हणून ती घरच्या फ्रीझरमध्ये मात्र कृपया ठेवू नका.