व्हेरिफिकेशनमध्ये लाल शेरा: अर्ज मागे घ्यावा का?

प्रश्न: मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) सीएनसी ऑपरेटर आहे. सावलीकडच्या एका कंपनीचं ऑफर लेटर मिळालं, पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा (दिलेल्या माहितीच्या पडताळणीचा) रिपोर्ट ‘रेड’ आला. बायोडेटात मागची नोकरी ‘ऑपरेटर, जून २०२१ ते मार्च २०२३’ अशी लिहिली आहे. पीएफमध्ये ती जून २०२२ ते डिसेंबर २०२२ दिसते. पहिलं वर्ष मी तिथेच अप्रेंटिस होतो. शेवटचे तीन महिने मात्र घरी होतो, गॅप दिसू नये म्हणून वाढवून लिहिले. शिवाय वडिलांचं नाव मार्कशीटवर ‘विनायकराव’ आणि आधारवर ‘विनायकभाई’ आहे. एचआरच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, ‘तुम्हीच विड्रॉ करा, नाहीतर आम्ही ऑफर रद्द करू.’ मित्र म्हणतो, मागे घेतलं की रेकॉर्ड राहत नाही. काय करू?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: मित्राचं चुकतंय. अर्ज मागे घेतला म्हणून रिपोर्ट पुसला जात नाही. त्याच कंपनीत पुन्हा अर्ज केलात तर तो समोर येऊ शकतो. फायदा एवढाच, की पुढे एखाद्या फॉर्मवर ‘व्हेरिफिकेशनमुळे तुमची ऑफर रद्द झाली होती का?’ असं विचारलं, तर ‘नाही’ हे खरं उत्तर देता येतं. लहान फायदा, पण आहे.

तुमच्या रिपोर्टात तीन गोष्टी एकाच रंगाखाली आल्यात आणि त्यांचं वजन सारखं नाही.

नावाची भानगड बडोद्यातल्या मराठी घरांना नवी नाही. शाळेत ‘राव’ लागतं, पुढे कार्ड काढताना समोरचा सवयीने ‘भाई’ जोडतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र (इथल्या बोलीत सोगंदनामुं) आणि दोन्ही कागदांच्या प्रती द्या. एवढ्यावरून सहसा कुणी माणूस नाकारत नाही.

अप्रेंटिसशिपचं वर्षही सुटण्यासारखं आहे. अप्रेंटिस कायद्याखालच्या उमेदवाराला पीएफ कायद्यात कर्मचारी धरत नाहीत, म्हणून ते वर्ष तिथे दिसणारच नाही. कराराची प्रत, प्रमाणपत्र आणि स्टायपेंड जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट काढा. मात्र तुम्ही पद ‘ऑपरेटर’ लिहिलंत, तिथे ‘अप्रेंटिस’ लिहायला हवं होतं, हे मान्य करा. कुणी इन्कम टॅक्सचं २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता) मागितलं आणि त्यात जुन्या कंपनीचं नाव नसलं तर घाबरू नका. पगार करपात्र मर्यादेखाली असेल तर टीडीएस (पगारातून आधीच कापायचा कर) कापलाच जात नाही, मग तिथे नोंद कुठून येणार?

खरं दुखणं शेवटच्या तीन महिन्यांचं. ‘पीएफची तारीखच चुकलीय’ असं म्हणायचा मोह होईल, कारण नोकरी सोडल्याची तारीख खरंच अनेकदा चुकते: कंपनी ती भरतच नाही, किंवा घाईत भलतीच टाकते. (ती भरलीच नसेल तर शेवटच्या योगदानानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या यूएएन पोर्टलवर ‘मार्क एक्झिट’मधून सभासद स्वतः भरू शकतो, चुकीची भरली असेल तर जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे दुरुस्तीचा संयुक्त अर्ज, लागतं.) पण तुमच्या बाबतीत नोंद बरोबर आहे, आणि व्हेरिफिकेशन करणारी एजन्सी जुन्या कंपनीला थेट विचारते. रिलीव्हिंग लेटरवरची (नोकरीतून मुक्त केल्याच्या पत्रावरची) तारीख बदलण्याचा विचार तर मनातही आणू नका. आज ही बायोडेटातली थाप आहे, उद्या तो बनावट दस्तऐवज होईल.

तेव्हा फोनवर काहीही कबूल न करता आधी मेलने विचारा: रिपोर्ट इंटरिम (तात्पुरता) आहे की फायनल, आणि कोणत्या मुद्द्यावर नेमका काय शेरा आहे? ‘डिस्क्रिपन्सी’ म्हणजे तुमचं लिहिणं आणि नोंद जुळत नाही. ‘अनेबल टू व्हेरिफाय’ म्हणजे जुन्या कंपनीने उत्तरच दिलं नाही. ‘इनसफिशियन्सी’ म्हणजे कागद कमी पडले. शेवटच्या दोन शेऱ्यांवर कधीच माघार घेऊ नये, कागद पुरवावेत. मग दुसऱ्या मेलमध्ये नाव आणि अप्रेंटिसशिपचे पुरावे जोडा, आणि एका ओळीत लिहा: ‘जानेवारी ते मार्च २०२३ मी नोकरीत नव्हतो, बायोडेटात तारीख चुकीची दिली, दुरुस्त बायोडेटा सोबत आहे.’ कारणांचं पाल्हाळ नको. तीन महिन्यांचा गॅप एचआर सहज गिळते. लपवाछपवी गिळायची की नाही, हे त्या कंपनीच्या धोरणावर.

उत्तर नकाराचं आलं, किंवा पुन्हा तोंडी ‘विड्रॉ करा’च आलं, तर मात्र मागे घ्या, आणि तेही लेखी: पद, ऑफरची तारीख, ‘मी माझी उमेदवारी मागे घेत आहे, कृपया पोच द्यावी.’ कारण लिहिण्याची गरज नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं तुम्ही लिहिलंच नाही: सध्याच्या जागी राजीनामा दिलाय का? दिला नसेल तर व्हेरिफिकेशन क्लिअर झाल्याचं लेखी येईपर्यंत देऊ नका. दिला असेल तर तो मागे घेण्याची विनंती आजच लेखी करा. रिलीव्हिंग झाल्यावर त्या विनंतीला काही अर्थ उरत नाही.

प्रश्न: मेडिकलमध्ये बीपी १५०/९६ आलं, ऐकण्याच्या चाचणीतही शेरा आहे. ‘टेम्पररी अनफिट’ म्हणजे नापासच ना?
— वाचक, रावपुरा

उत्तर: नाही. त्याचा अर्थ फेरतपासणी, अर्ज मागे घेऊ नका. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून आकडे लिहून ठेवा. घरचे आकडे १३५/८५ च्या वरच राहिले तर आधी डॉक्टर, नोकरी नंतर. ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) शिफ्टवरून थेट जाऊन दिली असेल तर ती बिघडणारच: यंत्रांच्या आवाजाने कान काही तास दबलेले असतात. चाचणीआधी किमान १४ तास गोंगाटापासून दूर राहा. रंगांधळेपणाचं वेगळं आहे. जन्मजात असेल तर फेरतपासणीने बदलत नाही. तिथे रंग ओळखणं गरजेचं नाही असं दुसरं पद आहे का, ते विचारा.

प्रश्न: सरकारी नोकरीच्या अटेस्टेशन फॉर्ममध्ये (पोलीस तपासणीसाठी भरायच्या माहितीत) कॉलेजातल्या भांडणाची केस लिहिली नाही, त्यात निर्दोष सुटलो होतो. पोलीस तपासणीआधीच अर्ज मागे घेऊ का?
— वाचक, मांजलपूर

उत्तर: आधी दुरुस्ती करा. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की माहिती खरीच द्यावी लागते. किरकोळ प्रकरण लपवलं असेल तर खातं ते माफ करू शकतं, आणि खरं सांगितलं तरी पूर्वेतिहास तपासून निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. निकालाची प्रमाणित नक्कल कोर्टातून काढा आणि फॉर्म जिथे दिला तिथे अर्जासह द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका, तपासणीचा रिपोर्ट येण्याआधी तुम्ही स्वतः सांगितलंत याचा तोच पुरावा.