आठवीपासून शाळेत समाजसेवा ठेवली तर अभ्यासाचा वेळ वाया जातो का?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या शाळेत पुढच्या वर्षी आठवीला समाजसेवेचे तास सुरू होणार आहेत, मुलांना जवळच्या वस्तीत नेणार आहेत. हे शाळेचं काम आहे का, आणि यात अभ्यास मागे पडेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. माझ्या मते हे शाळेचंच काम आहे. फक्त वस्तीतलं काम आणि वर्गातला धडा एकमेकांत गुंतलेले हवेत. तसं नसेल तर तुमची काळजी रास्त आहे. मग मुलांचा वेळ जातो आणि वस्तीतल्या लोकांचाही जातो.

गुंतलेले म्हणजे कसे, ते आमच्या वर्गात झालेल्या कामावरून सांगते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, हे तुम्हाला आठवत असेल. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली, अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डी या भागांत पाणी शिरलं. आमची शाळा तिथून दूर, पण नाग नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे आमच्याकडच्या नाल्यांचाही प्रश्न होताच. मुलं विचारत होती, "मॅडम, १०० मिलिमीटर म्हणजे बोटभर पाणी. त्यानं एवढा पूर कसा येते?"

मग फळ्यावर गणित मांडलं. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाणी साचलं तर ते १,००० घनमीटर होतं, म्हणजे १० लाख लिटर. माती असती तर त्यातलं बरंच मुरलं असतं. सिमेंटचा रस्ता आणि फरशीचं अंगण असलं की जवळपास सगळं नालीत जातं. मुलांनी शाळेची गच्ची मोजली, तिचा हिशेब केला आणि मग स्वतःहून म्हणाली, आपल्या वस्तीचा करू.

पुढचे काही शनिवार आम्ही शाळा सुटल्यावर जवळच्या नाल्याकाठच्या वस्तीत गेलो. दारोदार जाऊन एकच गोष्ट विचारायची होती, पाणी कुठवर आलं होतं. एका आजींनी भिंतीवरचा ओलीचा डाग दाखवला, "इथवर होतं पाहा पोट्टेहो, पलंगाखालची पेटी तरंगली माझी." मुलांनी रस्त्यापासून त्या डागाची उंची टेपने मोजली, घरांचा नकाशा काढला, तुंबलेल्या चेंबरांवर खुणा केल्या. हीच मापं गणिताच्या सरांनी सांख्यिकीसाठी घेतली. खोलगट जागेतल्या दोन-तीन घरांत पाणी इतकं चढलं होतं की सरासरी एकदम वर गेली, मध्यक (मापं क्रमाने लावली की बरोबर मधोमध येणारं माप) मात्र फारसा हलला नाही. सरासरी आणि मध्यक यांतला फरक मी पुस्तकातून कित्येकदा शिकवताना पाहिलाय. तो इतक्या लवकर मुलांच्या गळी उतरलेला त्या वर्षीच पाहिला.

मराठीच्या बाईंनी पत्रलेखन घेतलं. परीक्षेत 'अ. ब. क.' या नावाने कुठल्या तरी काल्पनिक अधिकाऱ्याला पत्र लिहायचं असतं. इथे खरं कार्यालय होतं, खरा नाला होता आणि सोबत मुलांनी काढलेला नकाशा होता. पत्र चार वेळा खोडून लिहिलं गेलं, कारण नेमकं काय मागायचं तेच आधी ठरत नव्हतं. 'योग्य ती कार्यवाही करावी' हे वाक्य वर्गातल्याच एका मुलीने काढून टाकायला लावलं. तिचं म्हणणं होतं, कोणती कार्यवाही ते आपणच लिहू. पुढे नाल्याच्या एका भागातला गाळ निघाला, दुसऱ्या भागातला राहिला. मुलांनी दुसरं पत्र लिहिलं.

यात अभ्यासाचा कुठला वेळ गेला, मला सांगा. क्षेत्रफळ, घनफळ, पाणलोट, सांख्यिकी, उपयोजित लेखन, सगळं अभ्यासक्रमातलंच आहे.

आता दुसरी बाजू. त्याच वस्तीत पहिल्या दिवशी एका बाईंनी आम्हाला दारातच विचारलं, "तुम्ही पण झाडू मारून फोटो काढाले आले काय? येतेत, फोटो काढतेत न जातेत. नाली तशीच राह्यते." त्यांचा राग अगदी योग्य होता. एक दिवस हातमोजे घालून रस्ता झाडायचा, बॅनर धरून उभं राहायचं, प्रमाणपत्र घ्यायचं, यातून मुलं एकच धडा शिकतात, की सेवा म्हणजे दिसण्याची गोष्ट. तो धडा न शिकलेला बरा. म्हणून माझा आग्रह असतो की वर्षभर जागा एकच असावी. तीच वस्ती, तीच माणसं. आणि काय करायचं हे आधी त्यांना विचारावं.

याहून नाजूक एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल शाळांमध्ये फारसं बोललं जात नाही. ज्या 'गरीब वस्तीत' आपण मुलांना नेतो, तिथली मुलं त्याच वर्गात बसलेली असतात. आमच्या शाळेत तरी असतातच. 'आपण त्यांना मदत करायला चाललोय' असं शिक्षक म्हणाले, की त्या मुलाने स्वतःला 'आपण'मध्ये धरायचं की 'त्यां'मध्ये? आमच्या वर्गातल्या एका मुलाचं घर नाल्याला लागूनच होतं. पाणी आधी कुठून येतं, कोणत्या चेंबरचं झाकण कधीपासून गायब आहे, कुणाच्या दारात किती वाजता गेलं तर माणूस भेटतं, हे सगळं त्यालाच ठाऊक. त्या कामात तो आमचा वाटाड्या होता, आणि वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या त्या मुलाला इतर मुलं प्रश्न विचारू लागली. हे जमतं ते काम शोधण्याचं आणि मोजण्याचं असेल तेव्हा. वाटपाचं असेल तर घेणारे आणि देणारे असे दोन गट पडतातच.

झाडू कुणाच्या हातात जातो, तेही बघावं लागतं. मुली झाडतात आणि मुलं घोषणा देतात, हे अनेक ठिकाणी आपोआप होतं. आणि पिढ्यान्पिढ्या ज्यांच्यावर सफाईचं काम लादलं गेलं, त्यांच्या मुलांना शाळेने सेवेच्या नावाखाली पुन्हा तेच द्यायचं का, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारायलाच हवा. द्यायचं तर सगळ्यांना सारखं, पाळीपाळीने, मुख्याध्यापकांसकट.

हा विचार परका नाही, आपल्याच अंगणातला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. हाताने काम करता करता, भोवतालच्या समाजातून शिकायचं, हा त्याचा गाभा. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव आणि समाजसेवा दोन्ही शिक्षणाचा भाग मानले. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' सुचवलं. पुढे आपल्याकडे कार्यानुभव बहुतेक शाळांत पुठ्ठ्याच्या वस्तू आणि कागदी फुलांपुरता उरला, ती हकीकत तुम्हीही तुमच्या शाळेत पाहिली असेल. आता केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळांत नववीपासून 'सेवा' नावाचा उपक्रम आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना ठेवले आहेत. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात तर शाळा पूर्ण करण्यासाठी साधारण ७५ तासांची सेवा सक्तीची आहे. मला स्वतःला तास मोजणं पटत नाही. तास भरायचे म्हटलं की मुलं तास भरतात.

अभ्यासावर परिणाम काय होतो, याची पाहणीही झाली आहे. २०११ साली अभ्यासाशी जोडलेल्या समाजसेवेवरच्या ६२ संशोधनांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तर सहभागी विद्यार्थ्यांची शैक्षणिक कामगिरीही सुधारलेली दिसली. त्यातले बरेच विद्यार्थी महाविद्यालयीन होते, हे लक्षात ठेवायला हवं. पण फायदा वाढवणाऱ्या ज्या चार गोष्टी त्यात सांगितल्या आहेत, त्या आठवीलाही लागू पडतात: अभ्यासक्रमाशी सांधा, काम ठरवण्यात मुलांचा आवाज, वस्तीचा सहभाग आणि केलेल्या कामावर नंतर विचार. शेवटची गोष्ट शाळा सर्वांत आधी गाळतात. आमच्याकडे सोमवारी एक तास त्यासाठीच असतो. मुलं वहीत लिहितात: काय पाहिलं, कशाचा राग आला, काय समजलं नाही. त्या वह्यांना मी गुण देत नाही. गुण दिले की मुलं मला आवडेल ते लिहितात.

आता तुमच्या मुलीचं. पालकसभेत एवढं नक्की विचारा: हे काम कोणत्या विषयाच्या कोणत्या धड्याशी जोडलंय? वस्तीतल्या कुणाशी आधी बोलणं झालंय का? वर्षभर तीच जागा आहे का? परत आल्यावर वर्गात काय होणार? उत्तरं मिळाली तर निश्चिंत मनाने पाठवा. फक्त 'वृक्षारोपण आणि स्वच्छता अभियान' एवढंच ऐकू आलं, तर आग्रह धरा की निदान लावलेली झाडं एप्रिल-मेमध्ये कोण जगवणार ते तरी ठरवा. नागपूरच्या ४५ अंशांत पाणी न घातलेलं रोप टिकत नाही, आणि मेमध्ये तर शाळेला सुट्टी असते.

सुरक्षिततेबद्दल बोलायला संकोच करू नका. मुलांनी नाल्यात उतरायचं नाही, कचरा उघड्या हातांनी चिवडायचा नाही. त्यात काचा असतात, सुया असतात. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा बाहेरचं काम पावसाळ्यापासून थंडीपर्यंत उरकावं आणि मार्चनंतर ते वर्गात आणावं. वस्तीतल्या लोकांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि ते शाळेच्या गटावर तर मुळीच टाकू नयेत.

जमलं तर स्वतःही एखाद्या शनिवारी सोबत जा. शिक्षकांवर मतदार यादीपासून सर्वेक्षणापर्यंत कामं असतात, पन्नास-साठ मुलांना घेऊन एकट्याने रस्ता ओलांडणंही अवघड होतं. दोन-तीन पालक बरोबर असले तर छोटे गट करता येतात, आणि छोट्या गटातल्या मुलांशी दारातली माणसं जास्त मोकळेपणाने बोलतात. तुमच्या पालक-शिक्षक संघात हा विषय जूनच्या पहिल्या बैठकीतच काढा, म्हणजे वेळापत्रक ठरण्याआधी त्यात शनिवार बसवता येईल.